सायबेरियातून आलेला पक्षी नाशिकच्या चिखलात काय शोधतो?

नांदूर मध्यमेश्वरमधून जायकवाडीच्या दिशेने विसर्ग वाढवला, गोदाकाठच्या गावांना सतर्कतेचा इशारा. जुलै-ऑगस्टमध्ये ही बातमी जवळपास दर आठवड्याला येते. मराठवाड्यातले लोक क्युसेकचा आकडा बघून जायकवाडी किती भरणार याचा हिशोब मांडतात, नाशिककर गंगापूर आणि दारणा किती भरलं ते बघतात. पाऊस संपला की हे नाव बातम्यांमधून गायब होतं.

नेमकं त्याच वेळी तिथे दुसरी वर्दळ सुरू होते. आर्क्टिकच्या काठावरून निघालेले मूठभर वजनाचे पक्षी बंधाऱ्याच्या काठच्या चिखलात उतरायला लागतात. पाठोपाठ मध्य आशिया आणि हिमालयाच्या बाजूने शिकारी पक्षी येतात. सप्टेंबर ते नोव्हेंबर हा या दोन्ही गटांना एकाच ठिकाणी बघण्याचा काळ.

पण हे पक्षी इतक्या लांबून इथेच का येतात? ते ओळखायचे कसे? आणि त्यांचं पोट भरणार की नाही हे जायकवाडीच्या पाण्याच्या हिशोबाशी कसं जोडलेलं आहे? समजून घेऊया.

आधी जागा समजून घेऊ

नाशिक जिल्ह्यातल्या निफाड तालुक्यात गोदावरी आणि कादवा या नद्यांचा संगम होतो. तिथे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, ब्रिटिश काळात, सिंचनासाठी एक बंधारा बांधला गेला. हेतू सरळ होता. पाणी अडवायचं आणि कालव्यांनी शेतीला द्यायचं. आजही इथून निघणाऱ्या कालव्यांवर निफाडपासून कोपरगाव-राहात्यापर्यंतची आणि जलदगती कालव्यामुळे वैजापूर-गंगापूरकडची शेती अवलंबून आहे.

बंधाऱ्यामागे पाणी थांबलं, तसा पाण्याबरोबर येणारा गाळही थांबला. वर्षानुवर्षं तो साचत गेला. इंजिनिअरच्या नजरेतून हे नुकसानच, कारण गाळ वाढला की साठवण कमी होते. पण या गाळामुळेच तलाव उथळ झाला, मधे बेटं तयार झाली, काठाला पाणवनस्पती आणि गवत वाढलं. पक्ष्यांना हवी तशी जागा कुणी ठरवून बनवली नव्हती, ती गाळाने बनवली.

१९८६ मध्ये इथे अभयारण्य घोषित झालं. जानेवारी २०२० मध्ये नांदूर मध्यमेश्वर महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ म्हणून जाहीर झालं. पाणथळ जागांच्या संरक्षणासाठी १९७१ मध्ये इराणमधल्या रामसर शहरात एक आंतरराष्ट्रीय करार झाला, त्या कराराच्या यादीतल्या जागांना रामसर स्थळ म्हणतात. नांदूर मध्यमेश्वरनंतर लोणार आणि ठाणे खाडी यांचाही या यादीत समावेश झाला. रामसरच्या नोंदीत नांदूर मध्यमेश्वरला प्राणी, पक्षी, वनस्पती अशा एकूण ५३६ प्रजाती असल्याचा उल्लेख आहे.

चिखलात फिरणारे हे पक्षी कोण?

तलाव म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर बदकं, बगळे किंवा रोहित पक्षी येतात. या सगळ्यांपेक्षा वेगळा एक मोठा गट आहे. इंग्रजीत त्यांना शोअरबर्ड किंवा वेडर म्हणतात. हे पक्षी पोहत नाहीत. पाणी आणि जमीन जिथे मिळते, त्या ओल्या पट्ट्यात चालत चालत खातात. आपल्या ओळखीची टिटवी याच गटातली. लांब लालसर पायांचा काळा-पांढरा शेकाट्याही यातलाच. हे दोघं इथे वर्षभर दिसू शकतात.

शरदात मात्र पाहुणे येतात. छोटा टिलवा, ठिपकेवाला तुतवार, हिरवा तुतवार, चिखल्या, पाणलावा, गॉडविट अशी ही मंडळी. यातला छोटा टिलवा, म्हणजे लिटल स्टिंट, खास लक्ष देऊन बघण्यासारखा आहे. त्याचं वजन साधारण २० ते ३० ग्रॅम असतं. दहा रुपयांची तीन नाणी तळहातावर ठेवली तर जेवढं वजन वाटेल, जवळपास तेवढंच. हा पक्षी युरोप-आशियाच्या उत्तर टोकाला, आर्क्टिकच्या टुंड्रा प्रदेशात अंडी घालतो. उत्तर सायबेरियातून नाशिक गाठायचं म्हणजे सरळ रेषेत मोजलं तरी साडेपाच-सहा हजार किलोमीटर होतात.

आर्क्टिकमधला उन्हाळा छोटा पण जोरदार असतो. दिवस जवळपास मावळत नाही आणि किड्यांचा सुकाळ होतो. पिल्लं वाढवायला यापेक्षा चांगली जागा नाही. पण काही आठवड्यांत थंडी परत येते, जमीन गोठते आणि चोच खुपसायला मऊ चिखलच उरत नाही. म्हणून निघावं लागतं. निघायची वेळ झाली हे पक्ष्यांना मुख्यतः लहान होत जाणाऱ्या दिवसावरून कळतं.

निघण्याआधी ते भरपूर खातात आणि अंगावर चरबी साठवतात. लांब पल्ल्याच्या काही प्रजातींचं वजन या काळात जवळपास दुप्पट होतं. गॉडविटसारख्या पक्ष्यांमध्ये तर उड्डाणाआधी पचनाचे अवयव आक्रसतात, कारण हवेत त्यांचा उपयोग नसतो आणि वजन मात्र वाहावं लागतं. या तयारीच्या जोरावर काय होऊ शकतं? ऑक्टोबर २०२२ मध्ये बार-टेल्ड गॉडविट जातीचा एक पक्षी अलास्काहून निघाला आणि कुठेही न थांबता १३,५६० किलोमीटर उडून ऑस्ट्रेलियातल्या टास्मानियात उतरला. त्याला ११ दिवस लागले. तेव्हा त्याचं वय होतं अवघं पाच महिने.

हे वय महत्त्वाचं आहे. वेडर गटातल्या अनेक प्रजातींमध्ये मोठे पक्षी आधी निघून जातात आणि त्या वर्षीची पिल्लं मागून, आईबापांशिवाय निघतात. रस्ता कुणी दाखवत नाही. दिशेची जाण ती जन्मासोबतच घेऊन आलेली असतात. त्यामुळे महाराष्ट्रात पाहुण्यांची रांग टप्प्याटप्प्याने लागते. हिरवा तुतवार जुलैच्या अखेरीस किंवा ऑगस्टमध्येच हजर होतो, तर नवखी पिल्लं सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मोठ्या संख्येने दिसतात. त्या दिवसांत एखाद्या छोट्या टिलव्याच्या पाठीवर पांढऱ्या रेघांचा स्पष्ट 'व्ही' दिसला, तर तो पक्षी बहुधा या वर्षीच जन्मलेला आणि आयुष्यात पहिल्यांदाच भारतात उतरलेला असतो.

सगळे एकाच चिखलात, मग भांडण का होत नाही?

थोडी भांडणं होतात. पण बहुतेक वेळा प्रत्येकाचं ताट वेगळं असतं. ते ठरवतात चोच आणि पाय.

चिखल्याची चोच आखूड आणि डोळे मोठे असतात. तो थोडं धावतो, थांबतो, टिपतो, पुन्हा धावतो. म्हणजे वरवरचं भक्ष्य बघून उचलतो. छोटा टिलवा मान खाली घालून शिलाई मशीनच्या सुईसारखा चिखल टोचत जातो. पाणलाव्याची आणि गॉडविटची चोच लांब असते, ते खोल चिखलात चोच खुपसून अळ्या आणि गांडुळं काढतात. या चोचीच्या टोकाला स्पर्श ओळखणाऱ्या पेशी असतात. भक्ष्य न बघता, नुसतं चाचपून सापडतं. इतकंच नाही, पूर्ण चोच न उघडता फक्त तिचं टोक उघडून भक्ष्य पकडण्याची सोयही त्यांच्याकडे असते.

पायांचंही तसंच. शेकाट्या गुडघाभर पाण्यात आरामात फिरतो. टिलव्याला दोन-तीन सेंटिमीटरपेक्षा जास्त पाणी झालं की उभं राहणं कठीण. त्यामुळे काठापासून पाण्याच्या दिशेने नजर फिरवली की पक्ष्यांचे जणू पट्टे दिसतात. कोरड्या कडेला चिखल्या, ओल्या चिखलात टिलवे, घोटाभर पाण्यात तुतवार, त्याच्या पुढे गॉडविट आणि शेकाट्या.

नवीन बघणाऱ्यासाठी ही चांगली बातमी आहे. शरदात यातले बहुतेक पक्षी करडे-तपकिरी दिसतात आणि पिसांच्या रंगावरून ओळखायला गेलं की डोकं गरगरतं. त्यापेक्षा चार प्रश्न विचारावेत. टिटवीपेक्षा लहान की मोठा? चोच डोक्याच्या लांबीपेक्षा जास्त की कमी? पायांचा रंग कोणता? आणि तो खातो कसा, टिपून की खुपसून? एवढ्यावर गट तरी नक्की सापडतो.

शिकारी पक्षी कुठे बघायचे?

आकाशात शोधण्याआधी पाण्याकडे बघा. हजारो डोळे तुमच्यासाठी पहारा देत असतात. शांत चरणारे पक्षी अचानक मान वर करून थबकले, वारकुकड्यांनी एकमेकांजवळ घट्ट गर्दी केली किंवा टिटवी ओरडत उठली, तर वर कुणीतरी आहे असं समजावं.

कोण आहे, हे कधी कधी थव्याच्या वागण्यावरूनही कळतं. दलदल भोवत्या, म्हणजे मार्श हॅरियर, आला तर गवतातले पक्षी एका बाजूने उठतात आणि तो पुढे गेला की परत बसतात. हा पक्षी पाणवनस्पतींच्या वरून संथपणे, अगदी खालून घिरट्या घालतो. तरंगताना त्याचे पंख उथळ इंग्रजी 'व्ही'सारखे वर उचललेले असतात. मादी आणि लहान पक्षी गडद तपकिरी, डोकं मात्र सायीच्या रंगाचं. आपल्या नेहमीच्या घारीशी गल्लत होऊ शकते. पण घारीचे पंख सपाट आणि शेपूट दुभंगलेली असते, भोवत्याची शेपूट सरळ आणि लांब.

बहिरी ससाणा आला तर चित्र वेगळं. तो वरून वेगाने झेपावतो. अशा वेळी टिलव्यांचा अख्खा थवा एका क्षणात हवेत उठतो आणि घट्ट गोळा होऊन एकदम वळतो. पोटाचा पांढरा रंग चमकतो, मग पाठीचा करडा, मग परत पांढरा. गोळ्यातून एक पक्षी वेगळा पाडणं ससाण्याला अवघड जातं. थव्यातून मागे पडलेल्याची मात्र खैर नसते.

तिसरा मोरघार, म्हणजे ऑस्प्रे. याला वेडरमध्ये रस नाही, तो जवळपास पूर्णपणे माशांवर जगतो. म्हणून तो डोक्यावरून गेला तरी टिलवे निवांत चरत राहतात. पाण्यावर एका जागी पंख मारत थांबायचं आणि पाय पुढे करून सूर मारायचा, ही त्याची पद्धत. त्याच्या पायाचं बाहेरचं बोट मागे वळू शकतं आणि तळव्यावर काटेरी खवले असतात. त्यामुळे निसरडा मासाही निसटत नाही. मासा नेताना तो त्याचं डोकं पुढे ठेवतो, म्हणजे वाऱ्याचा अडथळा कमी होतो.

वेळेचं गणितही लक्षात ठेवायला हवं. वेडर सकाळी लवकर चांगले दिसतात. ऊन पाठीमागे असेल तर रंग कळतात, आणि उशीर झाला की तापलेल्या चिखलावरची हवा थरथरून दुर्बिणीतलं चित्र लहरतं. मोठ्या पंखांचे शिकारी पक्षी मात्र जमीन तापायची वाट बघतात. वर चढणाऱ्या गरम हवेवर घिरट्या घालत ते पंख न हलवता उंची गाठतात. म्हणून नऊ-दहानंतर मान वर करावी. आपल्याला नको असलेली ऑक्टोबर हीट त्यांना फुकटची लिफ्ट देते.

नोव्हेंबरमध्ये आणखी एक पाहुणा आकाशातून जातो, अमूर ससाणा. पूर्व आशियातून निघालेले हे छोटे ससाणे नागालँड-मणिपूरमध्ये थांबून पोट भरतात, मग मध्य भारत आणि महाराष्ट्राच्या आकाशातून अरबी समुद्र ओलांडत आफ्रिकेला जातात. २०१२ मध्ये नागालँडच्या दोयांग जलाशयाजवळ जाळी लावून त्यांची प्रचंड शिकार झाल्याचं उघडकीस आलं. पुढच्याच वर्षी तिथल्या गावांनी, चर्चने आणि वन विभागाने मिळून ती थांबवली. २०१३ मध्ये तिघा ससाण्यांवर उपग्रह ट्रान्समीटर बसवले गेले. त्यांची नावं नागा, वोखा आणि पांगती ठेवली होती. पांगती हे शिकार सोडणाऱ्या गावांपैकी एकाचं नाव.

मग अडचण कुठे आहे?

अडचण आहे पाण्याच्या पातळीत.

तलाव भरला की पक्ष्यांची चंगळ, असं वाटणं साहजिक आहे. बदकांसाठी आणि मोरघारीसाठी ते बऱ्याच अंशी खरंही आहे. पण वेडरना भरलेला तलाव म्हणजे बंद झालेली खाणावळ. त्यांना हवा असतो हळूहळू उघडा पडत जाणारा ओला चिखल.

साधं गणित बघा. काठाचा उतार शंभर मीटरला एक मीटर असेल, तर पाणी फक्त १० सेंटिमीटर उतरल्यावर १० मीटर रुंदीचा नवा चिखलपट्टा मिळतो. त्यात अळ्या, कृमी, छोटे शंख भरपूर असतात. पाणी रोज थोडं थोडं उतरत गेलं, तर रोज ताजं ताट. पण पाणी एकदम खाली गेलं, तर चिखल वाळून त्यावर कडक पापुद्रा येतो आणि चोच आत जात नाही. आणि पाणी एकदम चढलं, तर अख्खा पट्टा बुडतो.

नांदूर मध्यमेश्वरची पातळी पक्ष्यांकडे बघून ठरत नाही. ती ठरते कालव्यांच्या आवर्तनांवर, वरच्या धरणांवर आणि जायकवाडीच्या गरजेवर. २०१४ मध्ये महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाने समन्यायी पाणीवाटपाचं सूत्र ठरवून दिलं. त्यात १५ ऑक्टोबर ही तारीख कळीची आहे. त्या वेळी जायकवाडीत ६५ टक्क्यांपेक्षा कमी उपयुक्त साठा असेल, तर नाशिक-नगरच्या वरच्या धरणांमधून पाणी सोडायचं. २०२३ मध्ये पाऊस कमी झाला, तेव्हा ऑक्टोबरच्या अखेरीस वरच्या धरणांमधून सुमारे ८.६ टीएमसी पाणी सोडण्याचा आदेश निघाला आणि वादावादीनंतर नोव्हेंबरच्या शेवटी पाणी सुटलं. गंगापूर आणि दारणातून सुटणारं पाणी जायकवाडीला जाताना नांदूर मध्यमेश्वरवरूनच जातं. म्हणजे पाण्याचा हा सगळा हिशोब चालतो तो काळ आणि वेडर पक्ष्यांचा काळ एकच.

यात कुणी खलनायक नाही. मराठवाड्याला प्यायला पाणी हवं, निफाडच्या शेतकऱ्याला कांद्यासाठी आणि द्राक्षासाठी आवर्तन हवं. प्रश्न इतकाच, की पाणी सोडायचंच असेल तर ते थोडं टप्प्याटप्प्याने सोडता येईल का आणि काठाचा काही भाग उथळ राखता येईल का.

दुसरी अडचण जलपर्णीची. शहरांच्या सांडपाण्यातून येणाऱ्या पोषकद्रव्यांवर ती फोफावते आणि पाण्यासोबत चिखलाचा काठही झाकून टाकते. रामसरच्या नोंदीतही या स्थळाला असलेल्या धोक्यांमध्ये जलपर्णी, परिसरातला शहरी विकास आणि पाण्याचा उपसा यांचा उल्लेख आहे.

कायदा काय म्हणतो?

इथे एक गंमत आहे, फारशी हसू येणारी नाही. केंद्र सरकारच्या २०१७ च्या पाणथळ नियमांमधल्या व्याख्येतून पिण्याच्या पाण्यासाठी किंवा सिंचनासाठी बांधलेले मानवनिर्मित जलाशय वगळले आहेत. महाराष्ट्रातले स्थलांतरित पक्ष्यांचे बरेचसे मोठे अड्डे नेमके असेच जलाशय आहेत. भिगवणचे रोहित ज्या उजनीत उतरतात, ते भीमेवरचं धरणच. नांदूर मध्यमेश्वरही सिंचनाचाच बंधारा, पण अभयारण्य आणि रामसर स्थळ असल्यामुळे त्याला संरक्षण आहे. बाकीच्या अनेक तलावांमध्ये पक्ष्यांना वन्यजीव संरक्षण कायदा लागू होतो, पण ते ज्या चिखलावर जगतात त्याला वेगळं कवच नसतं.

आणि पक्षी कमी होत आहेत. ऑक्टोबर २०२४ मध्ये आययूसीएनच्या लाल यादीत जगभरातल्या १६ वेडर प्रजातींना आधीपेक्षा जास्त धोक्याच्या गटात टाकण्यात आलं. त्यात भारतात येणारा कर्ल्यू सँडपायपरही आहे. भारतीय पक्ष्यांच्या स्थितीवरच्या २०२३ च्या अहवालातही लांबून येणाऱ्या स्थलांतरितांची, विशेषतः वेडर गटाची, घट ठळकपणे मांडलेली आहे. आर्क्टिकपासून हिंद महासागरापर्यंतच्या या हवाई मार्गाला सेंट्रल एशियन फ्लायवे म्हणतात. त्यात सुमारे ३० देश येतात. साखळीतली एक कडी तुटली, तर बाकीच्या देशांनी कितीही सांभाळलं तरी पक्षी पोहोचत नाही.

बघायला जाताना

नाशिकहून नांदूर मध्यमेश्वर साधारण ४० किलोमीटरवर आहे. चापडगावच्या बाजूला वन विभागाचे निरीक्षण मनोरे आहेत. ८x४२ किंवा १०x४२ ची दुर्बीण पुरते. दूरचे टिलवे ओळखायचे तर स्टँडवरची स्पॉटिंग स्कोप लागते, ती गाइडकडे असते का ते आधी विचारून घ्यावं. भडक कपडे टाळावेत.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे फोटोसाठी थवा उडवू नये. हजारो किलोमीटर उडून आलेल्या पक्ष्याच्या अंगावर चरबी उरलेली नसते. त्याला दिवसातले बरेच तास खावंच लागतं. प्रत्येक नाहक उड्डाणात आधी खाल्लेलं जळतं आणि खाण्याचा वेळही जातो. ड्रोन तर त्याला वरून आलेल्या शिकाऱ्यासारखाच वाटतो.

आणि जे दिसलं त्याची नोंद करावी. ईबर्डसारख्या अ‍ॅपवर तारीख, जागा, प्रजाती आणि अंदाजे संख्या टाकली तरी पुरे. पक्षी वाढले की घटले हे सांगणारा २०२३ चा अहवाल देशभरातल्या हौशी निरीक्षकांच्या अशाच नोंदींवर उभा आहे. त्यासोबत त्या दिवशी पाणी किती होतं आणि चिखल उघडा होता का, हेही लिहून ठेवलं तर जास्त उपयोगी. १५ ऑक्टोबरच्या आसपास पाण्याची चर्चा पुन्हा सुरू होईल, तेव्हा टेबलावर टीएमसीचे आकडे असतीलच. किती पाण्यात किती पक्षी चरत होते, हा आकडाही तिथे असायला हवा. तो सरकारी फायलीत आपोआप येत नाही, काठावर उभं राहून कुणीतरी मोजावा लागतो.